हाताला वळण

(आपले हात दिवसभरात कितीतरी कामे करतात. ही कामे हातांना कोण शिकवते? शाळा, घर की खेळ? हातांची आणि बोटांची कौशल्ये रोजच्या साध्या, आनंददायक कामांतून कशी वाढतात, हे या पाठात सांगितले आहे.)

सकाळी शाळेत येण्यापूर्वी तुम्ही काय काय केले, ते जरा आठवून पाहा. तोंड धुतले, केस विंचरले, बटणे लावली. कोणी ओढणीला पिन लावली, कोणी बुटाची नाडी बांधली. चहात बुडवलेला पाव तुटून पडण्याआधी तोंडापर्यंत नेला. मग दप्तर पाठीवर टाकून, रस्त्यातले खड्डे चुकवत शाळा गाठली. यांतले एकही काम करताना तुम्हांला विचार करत बसावे लागले नाही. हातपाय जणू आपले आपणच चालत होते.

घरात दोन-अडीच वर्षांचे भावंड असेल, तर त्याला बटण लावताना पाहा. एका हातात बटण, दुसऱ्या हातात काज, नजर दोन्हींवर आणि जीभ थोडीशी बाहेर! बटण काजात शिरते आणि पुन्हा निसटते. अम्मी घाईत असते. ती म्हणते, "थांब, मी लावून देते." झाले! मूल मोठ्याने रडू लागते. आपल्याला वाटते, ते हट्ट करते आहे. खरे तर त्याला बटण लावून नको असते, ते स्वतः लावायचे असते. त्याचा हात शिकत होता आणि आपण त्याचा धडा मध्येच बंद केला.

शरीराच्या हालचालींवर ताबा मिळवण्याच्या या कसबाला शिक्षणशास्त्रात 'कारक कौशल्य' असे म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. चालणे, धावणे, उडी मारणे, झाडावर चढणे, चेंडू फेकणे ही मोठ्या स्नायूंची कामे. त्यांना स्थूल कारक कौशल्ये म्हणतात. सुईत दोरा ओवणे, शेंगा सोलणे, कात्रीने कागद कापणे, लिहिणे ही हाताच्या आणि बोटांच्या लहान स्नायूंची कामे. त्यांना सूक्ष्म कारक कौशल्ये म्हणतात.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळहाताला बोट लावले, की ते मूठ घट्ट मिटते. पण ती मूठ ते जाणूनबुजून मिटत नाही. शरीरावरचा ताबा हळूहळू येतो आणि एका ठरावीक क्रमाने येतो. आधी मान सावरते, मग पाठ, मग पाय. तसेच आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे. साधारण नऊ-दहा महिन्यांचे मूल जमिनीवर पडलेला मुरमुरा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलू लागते. एक वर्षाच्या आसपास ते चालू लागते. तीन वर्षांच्या सुमारास ते पाहून गोल काढते. चौकोन आणि त्रिकोण त्यानंतर जमू लागतात. अर्थात, सगळी मुले घड्याळ लावल्यासारखी वाढत नाहीत. कोणी थोडे आधी शिकते, कोणी थोडे नंतर. मात्र एखादे मूल फारच मागे पडते आहे असे वाटले, तर त्याला नावे न ठेवता डॉक्टरांना दाखवावे.

आता एक गंमत करून पाहा. उजव्या हाताची बाही वर करा. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या थोडा पुढे धरा आणि हार्मोनियम वाजवल्याप्रमाणे उजव्या हाताची बोटे हलवा. काय जाणवले? बोटे हलतात एकीकडे आणि स्नायू हलतात दुसरीकडे! बोटांना हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात असतात आणि अधिक जोराचे स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. दोरीसारख्या मजबूत कंडरांनी ते बोटांना जोडलेले असतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा पडद्याआड राहून दोऱ्या ओढतो ना, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच ज्या मुलाच्या खांद्यात आणि दंडात बळ आलेले नाही, त्याची बोटे लेखणी धरून लवकर थकतात. झाडावर चढणारे, दोरीवरच्या उड्या मारणारे मूल नकळत आपल्या अक्षराचाही पाया घालत असते.

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एका हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी मनगटातील ८ हाडे जन्माच्या वेळी कठीण नसतात, ती मऊ कूर्चेची असतात. ती एकामागून एक कठीण होत जातात आणि हे काम साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणे म्हणजे ओल्या भिंतीवर छप्पर चढवण्यासारखे आहे. भिंत वाळू द्यावी. छप्पर मग आपोआप टिकते.

हाताला हुकूम देतो मेंदू. शेतातून एकदा चालून गेल्याने पायवाट पडत नाही. माणसे रोज जाऊ लागली, की वाट मळते. मेंदू आणि हात यांच्यातील वाटही अशीच सरावाने मळते. पण लहान मूल एकच काम पुन्हा पुन्हा केव्हा करते? त्यात आनंद वाटतो तेव्हा! छडीच्या धाकाने ते दहा वेळा करील आणि अकराव्या वेळी पळून जाईल. आवडीचे काम ते शंभर वेळा करील आणि तरी त्याला थांबवावे लागेल. म्हणून शिकण्यातला आनंद ही चैनीची गोष्ट नाही. आनंदाशिवाय सराव नाही आणि सरावाशिवाय कौशल्य नाही.

उर्दू शाळेत शिकणाऱ्या तुम्हां मुलांच्या हातांना तर दुप्पट काम असते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची आणि मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूच्या नस्तालीक लिपीत शब्द वरून खाली तिरका उतरतो. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेखाली सरळ उभी राहतात. उजव्या हाताने उर्दू लिहिताना हात ओळीच्या थोडा खाली ठेवला नाही, तर ओली शाई पुसली जाते. डावऱ्या मुलाला हीच अडचण मराठी लिहिताना येते. एकच हात एका तासाला एक वळण घेतो आणि दुसऱ्या तासाला दुसरे. याला कमीपणा समजू नका. ही तुमच्या हाताची कमाई आहे. आणि हो, एखादे मूल डाव्या हाताने लिहीत असेल, तर त्याला रागावून उजव्या हाताने लिहायला लावू नये. त्यात कोणताही दोष नाही.

पूर्वी उर्दू शिकणारी मुले लाकडी तख्तीवर मुलतानी मातीचा लेप देत, ती वाळवत आणि बोरूच्या कलमाने तीवर मोठमोठी अक्षरे काढत. मराठी शिकणारी मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत. भाषा दोन, लिपी दोन. पण युक्ती एकच. आधी मोठे अक्षर, पूर्ण हाताची हालचाल, मातीचा स्पर्श. बारीक अक्षराची पाळी त्यानंतर. तख्ती धुणे, लेप देणे, ती वाळवणे हासुद्धा हाताचा अभ्यासच होता आणि मुलांना तो खेळासारखा वाटे.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील घरांकडे आणि अंगणांकडे पाहू. ईद जवळ आली, की काही घरांत शेवयांचे यंत्र बाहेर निघते. यंत्राचा दांडा फिरवताना खांदा आणि कोपर काम करतात. ओल्या शेवया न तुटता दोरीवर किंवा खाटेवर पसरताना बोटांची टोके काम करतात. ज्वारीची भाकरी थापताना दोन्ही तळहात ताल धरतात. तांदूळ निवडताना चिमटी आणि नजर यांची जोडी जमते. शेंगा फोडताना अंगठ्याचा जोर वाढतो, ओले कपडे पिळताना मनगट बळकट होते. मेंदीचा कोन दाबताना तर फारच सांभाळावे लागते. जोर कमी पडला तर रेघ तुटते, जास्त झाला तर मेंदी पसरते. कागदावर लेखणी किती दाबावी, हेही असेच हाताला कळत जाते. ज्या मुलीला मेंदीची बारीक वेल जमते, तिला अक्षराचे वळण अवघड का वाटावे?

नंदुरबारची मिरची दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. शहराजवळच्या पथारींवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तेथे काम करणाऱ्या स्त्रिया बोलता बोलता किती झरझर मिरच्यांचे देठ काढतात! सातपुड्यातील पाड्यांवर बांबूच्या पट्ट्यांपासून टोपल्या विणणाऱ्यांची बोटेही अशीच चालतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीत कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून नाचणारे आदिवासी बांधव पाहिले, म्हणजे शरीराचा तोल आणि ताल यांचा अर्थ पुस्तकाशिवाय समजतो.

खेळही काही कमी नाहीत. भोवरा, म्हणजे तुमचा लट्टू, दोरी घट्ट गुंडाळल्याशिवाय फिरत नाही. गोटी मारताना बोटाचा नेम हवा, विटीदांडूत नजर हवी, लंगडीत तोल हवा. सागरगोटे खेळणाऱ्या मुलीकडे लक्ष देऊन पाहा. एक गोटा ती वर उडवते, तो खाली येण्याआधी जमिनीवरचे गोटे गोळा करते आणि पडणारा गोटा त्याच हातात झेलते. गोटा किती उंच उडवायचा, किती वेळ मिळेल, किती उचलता येतील, हा सगळा हिशेब एका क्षणात होतो. या खेळाला पैसा लागत नाही. चिंचोके किंवा खडे असले तरी पुरे.

अशा साध्या वस्तूंतून शिक्षण होऊ शकते, हे महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी करून दाखवले. त्यांच्या आधी इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह सुरू केले होते. तेथे मुले बटणे लावत, पाणी ओतत, टेबल पुसत. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत ती लिहिण्याची तयारी करत. भावनगर येथे गिजुभाई बधेका या पद्धतीने बालमंदिर चालवत होते. तेथे ताराबाईंनी हे शिक्षण आत्मसात केले. पुढे १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला.

परंतु ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. महागडी साधने घेऊन चालणाऱ्या बालवाडीत गरिबाचे मूल येणार कसे? १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. हे गाव डहाणू तालुक्यात असून आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. तेथील आदिवासी मुले बालवाडीत येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला गुरे राखायची असत. तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावे, असे या दोघींनी ठरवले. हीच अंगणवाडी! खडे, शिंपले, पाने, बिया, माती आणि बांबू ही तिची साधने. मुलांना आंघोळ घालणे, त्यांची नखे कापणे, केस विंचरणे हेही तेथे शिक्षणच मानले जाई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आज देशभर तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणतात. तुमच्या मोहल्ल्यातील अंगणवाडीचे नाते बोर्डीच्या त्या अंगणांशी असे जुळते.

मोठ्या माणसांनीही हाताचे महत्त्व ओळखले होते. आपले अक्षर चांगले नाही, याची खंत महात्मा गांधींना आयुष्यभर वाटली. मुलांना लिहायला शिकवण्याआधी चित्र काढायला शिकवावे, असे मत त्यांनी आपल्या आत्मकथेत मांडले आहे. १९३७ साली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण कसे द्यावे, हे ठरवण्यासाठी तेथे एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. हाताने काम करणारा अडाणी आणि पुस्तक वाचणारा शहाणा, ही समजूत त्या शिक्षणाला मान्य नव्हती.

मात्र येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हौसेने चार शेंगा फोडणे वेगळे आणि पोटासाठी दिवसभर शेंगा फोडणे वेगळे. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत व इतरत्र जातात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा सुटते आणि हातात कोयता येतो. त्याला कौशल्याचा विकास म्हणता येणार नाही. ती बालमजुरी होय. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वच व्यवसायांत बंदी करण्यात आली. कुटुंबाला घरात मदत करण्यास हा कायदा मनाई करत नाही. पण त्यामुळे शाळा बुडता कामा नये. ओळखण्याची साधी खूण अशी : मुलाला थांबावेसे वाटले, तेव्हा थांबता आले पाहिजे. जेथे थांबता येत नाही, तेथे खेळ संपला आणि मजुरी सुरू झाली.

आणखी एक. शेवया, मेंदी आणि शिवण मुलींसाठी, पतंग, लगोरी आणि झाडावर चढणे मुलांसाठी, अशी वाटणी आपण का करावी? हाडे आणि स्नायू मुलगा-मुलगी असा भेद जाणत नाहीत. मुलाने भाकरी थापून पाहावी, बटण टाकावे. मुलीने अंगणात दोरीवरच्या उड्या माराव्यात, सायकल शिकावी. दोघांचेही हातपाय पूर्ण वाढले पाहिजेत.

आज लहान मूल रडले, की त्याच्या हातात मोबाइल दिला जातो. मूल लगेच गप्प होते. पण त्याचा हात काय शिकतो? काचेवर एक बोट सरकवणे! काच गुळगुळीत असते. तिच्यावरचे फळ सोलता येत नाही, तिच्यावरची माती मळता येत नाही. हाताला जड-हलके, ओले-कोरडे, मऊ-खरखरीत यांची ओळख हवी. ती ओळख काचेवर होत नाही. मूठभर कणीक, थोडे पाणी आणि दोन रिकामे डबे यांनी होते.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर आता मोठे झालो. आमच्या अक्षराचे काय?" मुलांनो, हाताची शाळा कोणत्याही वयाला बंद होत नाही. सायकल बाराव्या वर्षी शिकता येते आणि शिवणयंत्र चाळिसाव्या वर्षीही! रोज दहा मिनिटे मोठी अक्षरे काढा. चित्र काढा, मातीची फळे करा, घरातली एखादी निसटलेली शिवण घाला. थकलात तर थांबा. आणि घरातले छोटे भावंड बटण लावू लागले, तर घाई करू नका. हात मागे घ्या आणि त्याला थोडा वेळ द्या. त्या दोन मिनिटांत त्याच्या हाताला जे वळण लागेल, ते त्याला जन्मभर पुरेल.

शब्दार्थ

कसब – कौशल्य, हातोटी
काज – बटण अडकवण्याचे छिद्र
तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट
कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी मजबूत पट्टी
कूर्चा – हाडापेक्षा मऊ असा शरीराचा भाग
बोरू – लेखणी करण्याच्या उपयोगाची पोकळ काडी
धूळपाटी – बारीक धूळ पसरून बोटाने लिहिण्याची पाटी
पथारी – मिरच्या वाळत घालण्याची मोकळी जागा
पाडा – लहान आदिवासी वस्ती
कुरण – गुरे चारण्याची गवताळ जागा
खंत – मनाला लागलेली रुखरुख

वाक्प्रचार

वळण लागणे – चांगली सवय होणे
नावे ठेवणे – दोष देणे
खटकणे – मनाला न पटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मूल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत वस्तू केव्हा उचलू लागते?
(आ) मनगटात किती हाडे असतात?
(इ) ताराबाई मोडक बोर्डीला कोणत्या साली गेल्या?
(ई) १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नेमलेल्या समितीचे अध्यक्ष कोण होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) बटण लावून दिल्यावर लहान मूल रडते.
(आ) तीन वर्षांच्या मुलाला पाने भरून गिरवायला लावू नये.
(इ) ताराबाई आणि अनुताई यांनी बालवाडी अंगणात नेली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तख्ती आणि धूळपाटी यांत कोणते साम्य होते?
(आ) घरातील मदत आणि बालमजुरी यांत काय फरक आहे?

प्र. ४. पुढील कामे स्थूल आणि सूक्ष्म अशा दोन गटांत लिहा.
दोरीवरच्या उड्या, लसूण सोलणे, लंगडी, सुईत दोरा ओवणे, पोहणे, मेंदी काढणे.

प्र. ५. 'वळण लागणे' आणि 'नावे ठेवणे' या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या दादी-नानींना त्यांच्या लहानपणीचे खेळ विचारा. त्यांतील एक खेळ वर्गात खेळून दाखवा आणि तो कसा खेळतात, हे मराठीत दहा ओळींत लिहा.